पोर्ट्रेटमध्ये हातांचं करायचं काय? आजी तर हात पदराबाहेर काढतच नाहीत

संत्रा_शटर

नमस्कार मंडळी. नागपूरचाच आहे, आठवडाभर मिहानमध्ये नोकरी अन् शनिवार-रविवार कॅमेरा, असं तीनेक वर्षं चाललंय. चेहरे आता बऱ्यापैकी जमतात, लाइट पण समजून राहिला थोडा थोडा, पण हात म्हणजे माझी कायमची बोंब आहे.

झालं असं, महालमध्ये आमच्या ओळखीचे एक आजी-आजोबा आहेत, पुढच्या महिन्यात लग्नाला 50 वर्षं होऊन राहिली, तर त्यांचा मुलगा म्हणाला मोठी फ्रेम करून हॉलमध्ये लावायची आहे, घरीच काढ. जुनं घर, खोली एवढी अरुंद की मागं सरकलो की पाठ कपाटाला, म्हणून जास्त रुंद दिसणारी 35 एमएम लेन्स लावली, एफ 2 ठेवलं म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं उघडलं, खिडकीचा उजेड मस्त येत होता अन् धडाधड 200 फोटो काढले. रात्री कॉम्प्युटरवर पाहतो तर काय, आजोबांनी दोन्ही पंजे गुडघ्यांवर ठेवलेले, शाळेच्या ग्रुप फोटोत हेडमास्तर बसतात तसे, अन् ते पंजे चेहऱ्यापेक्षा मोठे, विकेटकीपरचे ग्लोव्हज घातल्यासारखे, वरून धूसर अन् पांढरेफटक. मुलगा मागं उभा, आईच्या खांद्यावर हात ठेवून, पण समोरून फक्त चार बोटं दिसतात, खांद्यावर पाल चढल्यासारखी.

आजींचं वेगळंच. संधिवातानं बोटांची पेरं सुजून वाकडी झालीत, त्यामुळे पूर्ण वेळ दोन्ही हात पदराखाली. "हात नको घेऊ बाप्पा फोटोत, अद्रकाच्या गाठी झाल्या नुसत्या," म्हणाल्या. मी काय बोलणार? हसलो अन् पुढचा फोटो काढला.

"रिलॅक्स व्हा" म्हटलं की लोकांची बोटं अजून ताठ होतात अन् "सैल सोडा" म्हटलं की हात मेल्यासारखे लोंबकळतात. हे काहून होते अन् तुम्ही लोक काय सांगता समोरच्याला? पुढच्या रविवारी परत बोलावलंय त्यांनी, फुकटात, चूक माझीच होती.

तर्री_मार_के

छातीपर्यंतच फ्रेम घे न बे, हातच नको. पैसे तेवढेच घे.

संत्रा_शटर

@तर्री_मार_के करून पाह्यलं भाऊ, त्याच फोटोंना क्रॉप मारला. आजोबांचा हात बरोबर मनगटावर कापला गेला, मिलच्या मशीनमध्ये गेल्यासारखा दिसून राहिला. घरच्यांना दाखवायची हिंमत नाही झाली.

पंच्याऐंशी_एमएम

सांध्यावर कधीच कापू नको. मनगट, कोपर, बोटांची पेरं, या जागी फ्रेमची कड आली की बघणाऱ्याला तो अवयव तुटल्यासारखाच वाटतो. कापायचंच तर दंडाच्या मध्ये काप, नाहीतर अख्खा हात आत घे.

आता मुद्द्याचं. 35 नं हात मोठे केले नाहीत, तू जवळ उभा होतास म्हणून ते मोठे आले, लेन्सला उगाच शिव्या नको देऊ. हिशोब कर. चेहरा तुझ्यापासून 120 सेंमीवर, गुडघ्यावरचा पंजा 70 वर, म्हणजे चेहऱ्याच्या मानानं पंजा 1.7 पट मोठा येणार, मग कोणतीही लेन्स लाव. तूच 3 मीटरवर गेलास की चेहरा 300 वर, पंजा 250 वर, फरक 1.2 पट, तो डोळ्याला खटकत नाही. खोली अरुंद आहे तर खोलीच्या बाहेर जा ना भाऊ. महालातली जुनी घरं आहेत, दारासमोर दार असतंच, ओसरीत उभं राहून दारातून काढ, लांबून काढायची 85 एमएम लेन्स असेल तर ती लाव. धूसर आले त्याचंही कारण तेच, फुल फ्रेमला, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याला, 35 वर एफ 2 अन् सव्वा मीटर म्हणजे फोकसची पट्टी जेमतेम 14 सेंमीची, अर्धा मीटर पुढं आलेला पंजा लोण्यासारखा वितळणारच. 85 नं 3 मीटरवरून छिद्र लहान करून एफ 5.6 ठेवलंस तर 40 सेंमीच्या आसपास मिळते, अन् हात गुडघ्यावरून उचलून पोटाजवळ घेतलेस तर सगळं त्यात बसतं.

पांढरेफटक का आले, तर हात खिडकीच्या जास्त जवळ होते. लहान खिडकीपासून हात 60 सेंमी अन् चेहरा 90 असेल तर हातावर एका स्टॉपपेक्षा जास्त, म्हणजे दुपटीहून जास्त उजेड पडतो, अन् माणसाची नजर आधी उजेडाकडे जाते. खिडकीचा खालचा भाग एखाद्या गडद चादरीनं झाक, झालं काम.

अजून एक कर. स्वतःचा तळहात चेहऱ्यावर ठेवून बघ, मनगटाकडची बाजू हनुवटीला लाव, बोटं पार कपाळापर्यंत पोचतात. हात एवढा मोठा असतो. पंजाची पाठ सपाट कॅमेऱ्याकडे आली की फोटोत चेहऱ्याएवढाच दुसरा ठिपका होतो. म्हणून हात वळवायचा, करंगळीकडची कड कॅमेऱ्याकडे, लगेच अर्धा होतो अन् बोटं लांब दिसतात. तुझ्या त्या पालीचा इलाजही हाच, मुलाला म्हणावं हात खांद्यावरून दंडापर्यंत खाली आण, करंगळीची कड दिसू दे, किंवा मग हात पूर्ण मागं घे. चार बोटं तेवढी नको.

घुंगरू

वरचं सगळं बरोबर असेल, मला त्या आकड्यांतलं कळत नाही, पण मला तुमच्या पोस्टमध्ये दुसरीच गोष्ट खटकली. आजी स्पष्ट म्हणाल्या हात नको. मग प्रश्न "हात बाहेर कसे काढू" असा का आहे? म्हाताऱ्या लोकांच्या सुरकुत्या अन् वाकडी बोटं काळ्यापांढऱ्यात काढायची, कॉन्ट्रास्ट चढवायचा अन् लाइक गोळा करायचे, याचा मला मनापासून राग आहे. त्यांच्या हॉलमधली फ्रेम आहे ती, रोज त्यांच्या डोळ्यांसमोर राहणार.

आणि पदराखाली हात हे पण एक बसणंच आहे की. आतून पदर धरलाय, त्याला चुण्या पडल्यात, काठ थोडा ओढला गेलाय, यातून हात दिसतातच, फक्त कातडी दिसत नाही.

बोटं ताठ का होतात तेवढं सांगते, कारण नाच शिकवताना रोज हेच बघते. नवीन मुलीला "हात छान कर" म्हटलं की ती बोटांकडून सुरुवात करते, आणि सगळा ताण अंगठ्यात जाऊन बसतो. अंगठा बघा तुमच्या फोटोंमध्ये, बाहेर ताठ उभा असेल, पैज लावते. हात खांद्यातून सुटतो. खांदा वर चढलेला असेल तर खाली बोटांना कितीही सांगा, उपयोग नाही. मी मुलींना श्वास सोडायला लावते आणि कोपर अंगापासून वीतभर लांब ठेवायला सांगते, बोटांचं नावच काढत नाही. आणि आमच्यात शिकवतात, हात जिकडे नजर तिकडे. माणूस स्वतःच्या हाताकडे बघत असेल तर हात अवघडलेला वाटतच नाही, कॅमेऱ्याकडे बघत असेल तर मात्र लगेच उपरा वाटतो.

संत्रा_शटर

@घुंगरू ताई, खरं आहे, मी तसा विचारच नाही केला. अंगठा पाहून आलो आत्ता. 200 पैकी कमीत कमी दीडशे फोटोंत आजोबांचा अंगठा ताठ उभा आहे 🙈

पंच्याऐंशी_एमएम

@घुंगरू मान्य, पण दरवेळी लपवलेले हातच चांगले असं पण नाही ना. रविवर्म्याचं ते दिवा घेतलेल्या बाईचं चित्र आठवा, हातानं दिव्याला आडोसा धरलाय अन् बोटांमधून उजेड लाल झिरपून राहिला. त्या चित्रातून हात काढून टाकला तर काय उरते?

डार्करूमकाका

बाबू, ते चित्र रविवर्म्याचं नाही. सगळेच तसं म्हणतात, कॅलेंडरवाल्यांनी पण तसंच छापलं. ते सावळाराम हळदणकरांचं आहे, 'ग्लो ऑफ होप', म्हैसूरला जगनमोहन पॅलेसमध्ये लावलंय, अन् जलरंगातलं आहे, तेलरंगातलं नाही. मॉडेल म्हणून त्यांची स्वतःची मुलगी उभी होती. आता विचार कर, पोरगी तासन्‌तास हात धरून उभी राहिली तरी हात अवघडलेला नाही वाटत, कारण त्या हाताला काम आहे. वाऱ्यापासून ज्योत वाचवायची आहे. तो हात काढून टाकला तर दिवा विझते, एवढं सोपं आहे ते.

मी सीताबर्डीवर स्टुडिओत 30 वर्षं काढली. आमच्या वेळी स्थळासाठी मुलीचा फोटो काढायला अख्खं घर यायचं. मागं पडदा, त्यावर रंगवलेला तलाव, बाजूला उंच स्टूल, स्टुलावर प्लास्टिकच्या फुलांची कुंडी, अन् मुलीचा एक हात त्या स्टुलावर. आज सगळे हसतात त्या कुंडीला. पण ती कुंडी शोभेची नव्हती, त्या पोरीच्या हाताला टेकायला जागा पाहिजे होती. पोरगी आधीच घाबरलेली, मावशी बाजूनं सूचना देऊन राहिली, हात हवेत ठेवला की थरथरायचा. अन् 120 च्या फिल्म रोलमध्ये 12 फ्रेम मिळायच्या, तुमच्यासारखे 200 नाही. हात पाहिल्याशिवाय बटण दाबत नव्हतो, मालक पगारातून कापायचा.

पार मागं जा, 1840 च्या दशकात, तेव्हा एक्स्पोजरच काही सेकंद चालायचं, हात हलला की धूर व्हायचा, म्हणून लोकांचे हात मांडीवर, टेबलावर, पुस्तकावर टेकवायचे अन् मान हलू नये म्हणून मागून लोखंडी आधार लावायचे. ती सवय पुढं स्टुडिओंमध्ये टिकली. तुझ्या आजोबांनी गुडघ्यावर पंजे ठेवले ना, ते त्यांना कोणत्या तरी माझ्यासारख्यानंच 50 वर्षांपूर्वी शिकवलं असेल, लग्नाचा फोटो काढताना.

तर हाताला टेकायला जागा दे नाहीतर काम दे. टेकायला दिलं तर सांग, "नुसता टेकवा, दाबू नका," कारण दाबला की नखं पांढरी होतात अन् शिरा वर येतात. शिरांवरून आठवलं, कोणाला त्या आवडत नसतील तर फोटोच्या आधी अर्धा मिनिट दोन्ही हात डोक्याच्या वर धरायला लाव, रक्त खाली उतरते अन् शिरा बसतात, पण मग पटकन काढावं लागते, हात खाली आले की त्या पुन्हा भरतात. आजींना हे नको सांगू, त्यांचे खांदे दुखत असतील.

घुंगरूताईचं मला पटलं. पण आजींना घरात काय काम करताना पाह्यलं तू, ते सांग आधी.

तर्री_मार_के

मी मजाक केली होती बे, आता सिरियस सांगतो. लग्नाचे अन् प्री-वेडिंगचेच काम करतो मी, फुटाळ्यावर अन् रामटेकला दर आठवड्याले एक तरी जोडपं उभं करतो, त्यामुळं हात म्हणजे माह्या रोजचा ताप आहे. पोट्ट्यांचे हात सगळ्यात खराब. पोट्टीले निदान बांगड्या, पदर, केस असे दहा ठिकाणं आहेत हात न्यायले, पोट्टा बिचारा दोन्ही हात समोर जोडून उभा राहते, फुटबॉलच्या फ्री किकले भिंत करतात तसा. खिशात टाक म्हटलं तर पूर्ण कोपरापर्यंत टाकते. मी सांगतो, फक्त चार बोटं खिशात, अंगठा बाहेर, नाहीतर अंगठा आत अन् बोटं बाहेर. घड्याळ नीट कर म्हणतो, बाही वर कर म्हणतो, अन् तो करून राहिला तेव्हाच काढून घेतो, झाल्यावर नाही. झाल्यावर तो पुन्हा पुतळा होते.

मे महिन्यात आपल्या इथं 45 डिग्रीत तळहाताले एवढा घाम येते की मेहंदीचा क्लोजअप चमकतेच, तेव्हा रुमाल जवळ ठेवावा. तुह्या केसमध्ये हे कामाचं नाही, थंडी आहे. आजोबांले काठी, चष्मा, पेपर, काहीतरी दे. सुपारी खातात का?

संत्रा_शटर

खातात ना! अडकित्ता सदऱ्याच्या खिशातच असते त्यांच्या. अन् काका, आजी वाती वळतात. लाख वातींचा संकल्प आहे त्यांचा, बोटं दुखतात तरी रोज शंभरेक होतात म्हणे.

डार्करूमकाका

मग इथं टाइप काय करून राहिला, जा.

पंच्याऐंशी_एमएम

@डार्करूमकाका हळदणकरांबद्दल धन्यवाद काका, इतकी वर्षं चुकीचंच सांगत होतो सगळ्यांना. कामाच्या मुद्द्यावर एक उलट उदाहरण मात्र देतो. कार्श नावाच्या फोटोग्राफरनं 1941 मध्ये कॅनडात ओटावाला चर्चिलचा तो प्रसिद्ध फोटो काढला, त्याच्या आधी त्यानं चर्चिलची सिगारच काढून घेतली होती. म्हणजे कामाची वस्तू काढून घेतल्यावर तो चेहरा आला.

डार्करूमकाका

हो, सगळे चेहऱ्याचीच गोष्ट सांगतात. तो कमरेवरचा हात पाह्य ना. सिगार गेली तर राग कुठंतरी ठेवावा लागतेच माणसाले. पण तुह्या माह्यासारख्यानं गिऱ्हाइकाच्या तोंडातली विडी ओढली तर तो पैसे देईल का?

संत्रा_शटर

रविवारी जाऊन आलो, सविस्तर लिहितो कारण तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ दिला.

पहिला अर्धा तास कॅमेरा बॅगेतच ठेवला, पोहे खाल्ले. मग ओसरीतून माजघराच्या दारात आजी बसतील अशी जागा पाहिली, मोजून पावणेतीन मीटर मिळाले, 85 लावली, एफ 5.6, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता) 1600, शटर 1/125 सेकंद. खिडकीचा खालचा भाग आजोबांच्या शालीनं झाकला, त्यावर आजोबा म्हणाले शाल माझी आहे अन् थंडी पण मलाच वाजून राहिली, म्हणून मग चादर आणली.

आजी वाती वळायला बसल्या तेव्हा मी नुसता पाहतच राहिलो थोडा वेळ. डाव्या हातात कापूस धरतात, चिमटीनं थोडा ओढून घेतात, मांडीवर ठेवून उजव्या तळहातानं पुढं एक घसारा, मग अंगठ्याला वाटीतल्या दुधाचं बोट लावून टोकाला पीळ. मधलं बोट वाकत नाही त्यांचं, म्हणून ते वरच ठेवतात अन् कापूस करंगळीच्या बाजूनं सरकवतात. म्हणजे पंच्याऐंशी भाऊंनी सांगितलेली करंगळीची कड आपोआप माझ्याकडे! मी काहीच सांगितलं नाही. नजर हातावर, खांदे खाली, अंगठा कामात. घुंगरू ताईंच्या क्लासचा पूर्ण पेपर सुटला होता समोर.

दोन-तीन फोटो झाले अन् त्यांना आवाज आला. हात लगेच पदराखाली. "हात येतात का रे त्यात?" मी खोटं नाही बोललो, येतात म्हटलं, नको असतील तर पुसून टाकतो अन् पदरातले काढतो, ते पण छान दिसतात. त्या थोडा वेळ टोपलीकडे पाहत बसल्या. मग म्हणाल्या, "वाती एकसारख्या दिसल्या पाहिजेत मग." अन् टोपलीतल्या सात-आठ जाड वाती वेचून बाजूला ठेवल्या.

आजोबांना शेजारी बसवून सुपारी कातरायला लावली. 1/125 ला अडकित्त्याचा हात जरासा हलला आहे, पण चालून जाते, उलट आवाज आल्यासारखा वाटते फोटोतून. मुलाला मागं उभा नाही केला, तो चहा घेऊन आला तेव्हा दारात थांबला तसाच घेतला, कप हातात असल्यामुळे पाल-बिल काही नाही.

स्क्रीनवर दाखवला तर आजींनी हाताबद्दल एक शब्द काढला नाही. काठ उलटा पडलाय म्हणाल्या, आजोबांच्या स्वेटरचं दुसरं बटन उघडं आहे म्हणाल्या, अन् मागं माठावर झाकण का नाही म्हणून सुनेला आवाज दिला. तिन्ही गोष्टी नीट करून परत काढायला लावलं. पदराखालचा पण एक काढलाय, दोन्ही प्रिंट देतो, फ्रेमला कोणता ते त्याच ठरवतील.

आता नवीन लफडं. मुलगा म्हणतो कार्यक्रमाच्या दिवशी पूर्ण कुटुंबाचा एक फोटो पाहिजे, 14 जण, सगळे उभे अन् सगळ्यांचे हात "छान" दिसले पाहिजेत, असं आजींनी सांगितलंय. 28 हात! काय करू?

तर्री_मार_के

पैसे वाढव बे.

घुंगरू

28? आमच्या नाचात एका हाताच्या मुद्रा बरोबर 28 च आहेत. एकेका हाताला एकेक वाटून द्या 😄

बाकी आजींना तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. पदरातला प्रिंट झाला की इथे सांगा कोणता निवडला ते.

डार्करूमकाका

मुद्रा नको, सगळ्यांना चहा द्या. कप हातात आला की 14 हात गेले. लहान पोरं असतील तर ती मोठ्यांच्या कडेवर, अजून चार-पाच गेले. उरलेले मागच्या रांगेत लपव. अन् आजींना पहिल्या रांगेत मधोमध बसव, टोपली मांडीवर दे.